पायातली गुठळी: गोळ्या पुरतील की नळी घालावी लागेल?

मागच्या अंकात पायाच्या खोल नसांमधल्या रक्ताच्या गुठळीबद्दल, म्हणजे डॉक्टर लोक डीव्हीटी म्हणतात त्याबद्दल, अर्ध्या पानात थोडंसं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच आहे: पाय न चिरता नळी घालून गुठळी काढतात म्हणे, आम्ही करून घ्यावं का?

प्रश्न (नंदनवनहून एक ताई): माझा लहान भाऊ ३४ वर्षांचा आहे, पुण्याला कंपनीत असतो. स्लीपर बसने रात्रभर प्रवास करून नागपूरला आला आणि दोन दिवसांत त्याचा डावा पाय जांघेपासून घोट्यापर्यंत सुजला, पॅन्टमध्ये पाय जाईना. धंतोलीत डॉप्लर (नसांची सोनोग्राफी) केला तर गुठळी गुडघ्यापासून वर पोटातल्या नसेपर्यंत आहे असं निघालं. एक डॉक्टर म्हणतात गोळ्या घ्या, दुसरे म्हणतात नळी घालून काढून टाकू, उशीर करू नका. घरात रोज यावरून भांडणं होऊन राहिली. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: ताई, तुमच्याशी फोनवर बोलणं झालंच आहे, कारण अशा दुखण्यात अंक निघायची वाट बघता येत नाही. पण उत्तर बऱ्याच जणांच्या कामाचं आहे म्हणून इथे नीट लिहिते.

पहिली गोष्ट, रक्त पातळ करायची इंजेक्शनं आणि गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. त्या तिला वाढू देत नाहीत आणि नवीन होऊ देत नाहीत, तिचा तुकडा फुफ्फुसात जायचा धोका त्यामुळेच कमी होतो. असलेली गुठळी साफ करायचं काम शरीर स्वतः करतं, सावकाश, आठवडे महिने लावून. पोटरीतली छोटी गुठळी असेल तर शरीराला ते जमून जातं, पण जांघेच्या वरची मोठी नस पूर्ण बंद झाली असेल तर बरेचदा काम अर्धवट राहतं, नसेच्या आतल्या झडपा खराब होतात आणि मग माणूस वाचतो पण पाय त्रास देत राहतो. संध्याकाळी भरून येतो, जड वाटतो, घोट्याच्या वरची कातडी काळपट आणि कडक होते, काहींना तिथे जखम होते आणि ती वर्ष वर्ष भरत नाही. याला पोस्ट थ्रॉम्बोटिक सिंड्रोम म्हणतात. तेव्हा जीव सांभाळायचं काम बहुतेकदा गोळ्या-इंजेक्शनच करतात, नळी घालायची ती मुख्यतः पाय पुढे नीट राहावा म्हणून, हे डोक्यात ठेवूनच निर्णय घ्या.

आता नळीचं काम कसं होतं ते सांगते, कारण लोक न बघताच घाबरतात. पेशंटला कॅथ लॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेत बघत नळी घालायच्या खोलीत, पालथं झोपवतात, गुडघ्याच्या मागे तेवढीच जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत बघत बघत सुई नसेत घालतात. त्यातून बारीक तार गुठळीच्या आरपार नेतात आणि तारेवरून नळी. या नळीला बाजूने बारीक छिद्रं असतात, त्यातून गुठळी विरघळवायचं औषध थेंब थेंब सोडतात, साधारण एक दिवस, आणि तोवर पेशंट आयसीयूत. किंवा हल्ली गुठळी फोडून ओढून घ्यायची यंत्रंही असतात, त्यात औषध कमी लागतं किंवा लागतच नाही आणि पुष्कळदा एकाच बैठकीत काम होतं. बाहेर आलेली गुठळी गॉजवर पसरून ठेवतात, जांभळाच्या गराच्या रंगाचे लांबट, लिबलिबीत तुकडे असतात. नातेवाईकांना ते दाखवलं की मग त्यांना पटतं आत काय अडकलं होतं. शेवटी टाका एकही नसतो, गुडघ्यामागे पट्टी तेवढी.

पण ही मऊ गुठळी फक्त ताजी असतानाच निघते. लक्षणं सुरू झाल्यापासून पहिले १४ दिवस सगळ्यात चांगले. त्यानंतर ती घट्ट होत जाते, नसेच्या भिंतीला चिकटते, औषध तिच्यात शिरत नाही आणि यंत्राने ओढली तरी येत नाही. त्यामुळे दुसरे डॉक्टर घाई करत होते त्याला कारण होतं.

पहिले डॉक्टर गोळ्या म्हणत होते त्यालाही कारण आहे. अमेरिकेत ॲट्रॅक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, ६९२ पेशंट, २०१७ साली छापून आला. अर्ध्यांना नुसत्या गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या अधिक नळी. दोन वर्षांनी पाहिलं तर पायाचा कायमचा त्रास दोन्हीकडे सारखाच निघाला, शंभरातल्या ४७ आणि ४८ जणांना. मोठा रक्तस्राव मात्र नळीच्या गटात जास्त, १.७ टक्के, दुसरीकडे ०.३ टक्के. म्हणजे दिसेल त्या गुठळीत नळी घालायची नाही हे तिथून पक्कं झालं. पण त्याच अभ्यासात जास्त तीव्र त्रास नळीवाल्यांमध्ये कमी होता, १८ टक्के विरुद्ध २४ टक्के, आणि जांघेच्या वरच्या गुठळ्यांमध्ये फायदा दिसायची शक्यता जास्त असते. म्हणून माझ्या मते भांडण थांबवून डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारायच्या: गुठळी वर कुठपर्यंत गेली आहे, आणि ती किती दिवसांची आहे? तुमचा भाऊ तरुण, धडधाकट, गुठळी पोटातल्या नसेपर्यंत, चारच दिवस झालेले, रक्तस्रावाचा काही धोका नाही. अशा माणसासाठी मी नळीच्या बाजूने आहे आणि तेच तुम्हाला सांगितलं.

अजून एक, पाय डावा आहे हे महत्त्वाचं. पोटात डाव्या पायाची मोठी नस उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीखालून जाते आणि काही लोकांमध्ये तिथे मणक्यावर दाबली जाते. १९५७ मध्ये मे आणि थर्नर या दोघांनी हे लिहून ठेवलं, म्हणून मे-थर्नर सिंड्रोम. बसचा प्रवास निमित्त झाला असेल (चार तासांच्या वरचा कुठलाही बैठा प्रवास धोका वाढवतो, मग ती बस असो, रेल्वे असो की विमान) पण मूळ अडचण ही दाबलेली नस असू शकते. गुठळी काढल्यावर तिथे चिंचोळी जागा दिसली तर फुग्याने उघडून स्टेंट (नस उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकतात, हृदयातल्या स्टेंटपेक्षा कितीतरी रुंद, १४-१६ मिलिमीटरचा. ती जागा तशीच सोडली तर गुठळी परत होऊ शकते, तेव्हा हे आधीच विचारून ठेवा. आणि नळी घातली, स्टेंट टाकला तरी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुटत नाहीत, कमीत कमी तीन महिने, बरेचदा जास्त.

प्रश्न (मानेवाड्याहून एक काका): पत्नी ७१ वर्षांची, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर १० दिवसांनी पोटरीत गुठळी निघाली. जावई म्हणतो नवीन टेक्निकने काढून घेऊ, पैशाची काळजी करू नका.

उत्तर: काका, जावयाची माया समजते पण इथे नळी नको. गुठळी पोटरीत आहे, वय ७१ आहे आणि ऑपरेशनला दहाच दिवस झालेत, विरघळवायचं औषध दिलं तर गुडघ्यातच रक्त साठेल. गोळ्या वेळेवर, रोज थोडं थोडं चालणं. गुठळी सुटेल म्हणून पलंगावर खिळवून ठेवायची गरज नाही, औषध सुरू झाल्यावर चाललेलं चांगलंच. तो पैसा फिजिओथेरपीला वापरा.

प्रश्न (वर्ध्याहून): सुनेचं बाळंतपण होऊन १२ दिवस झाले. डावी पोटरी दुखते, थोडी सूज आहे. सासूबाई म्हणतात बाळंतवाताची सूज आहे, मालिश आणि शेकाने जाईल. डॉक्टरकडे न्यावं का?

उत्तर: आजच न्या. आणि मालिश आत्ताच्या आत्ता बंद करा.

हे इतकं ठासून का सांगते ते ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे यवतमाळ जिल्ह्यातून एक मुलगी आली होती, २३ वर्षांची, कडेवर महिन्याचं बाळ. बाळंतपणानंतर आठव्या दिवशी पाय सुजायला लागला होता. रोज मालिशवाली बाई येऊन तोच पाय जोरात रगडत होती, खाली शेगडी, सव्वा महिना खोलीबाहेर पडायचं नाही. गावातल्या दवाखान्यात नेलं तिथे दुखायची गोळी आणि इंजेक्शन देऊन परत पाठवलं, कोणी डॉप्लर लिहून दिला नाही. माझ्याकडे आली तेव्हा सुजेला २४ दिवस झाले होते. नडगीवर अंगठा दाबून काढला तर खड्डा पडला तो तसाच राहिला, मी कागद लिहीपर्यंत भरला नव्हता. गुठळी जांघेच्या वरपर्यंत आणि पार घट्ट. नळी घालून काही हाती लागणार नव्हतं. गोळ्या आणि पाय आवळून धरणारे मोजे दिले, जीवाला काही झालं नाही, पण ती आजही शेताच्या धुऱ्यावरून घरी येईपर्यंत पाय भरून येतो म्हणते, आणि आता तर ती तिशीतसुद्धा नाही. दहा दिवस आधी आली असती तर आम्ही काहीतरी करू शकलो असतो, हे मला अजून लागून आहे.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्त जास्त गोठतं, निसर्गानेच ते बाळंतपणातला रक्तस्राव थांबावा म्हणून ठेवलंय. त्यात बाई पडून राहिली, पाणी कमी प्यायली, आणि आपल्याकडे एप्रिल-मे असेल तर विचारूच नका. घरी एक करून बघा: शिलाईचा टेप घ्या, दोन्ही पोटऱ्या गुडघ्याच्या खाली चार बोटांवर एकाच जागी मोजा. तीन सेंटिमीटरच्या वर फरक असेल तर शंका पक्की धरायची, कमी असला तरी एकाच पायाला सूज आहे म्हणजे डॉप्लर हवाच. डॉप्लरमध्ये सुई नाही, दुखणं नाही, डॉक्टर मशीनचा प्रोब नसेवर दाबतात, चांगली नस दबून चपटी होते, गुठळीवाली दबत नाही, इतकं साधं आहे. नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी दवाखान्यांत कुठेही दाखवा. घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल (आपल्या विदर्भात तो कमी नाही) तर ते पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यातही गुठळ्या जास्त होतात. बाळाला अंगावरचं दूध बंद करायची गरज नाही, रक्त पातळ करायची हेपरिनची इंजेक्शनं आणि वॉरफरिनची गोळी चालते, नवीन गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईला सहसा देत नाहीत.

आणि अचानक दम लागला, छातीत चमक आली, खोकल्यातून रक्त आलं किंवा चक्कर येऊन पडली तर डॉप्लर-बिप्लर राहू द्या, १०८ ला फोन लावा. पाय निळा पडून भयंकर दुखायला लागला तरी तेच.

प्रश्न (महालमधून): वॉरफरिन चालू आहे, पालक-मेथी बंद केली, संत्रीपण बंद केली. अजून काय सोडू? मोज्याने गुठळी विरघळते का?

उत्तर: संत्री खा, नागपूरला राहून संत्री सोडायचं काही कारण नाही. पालेभाज्यांमधलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं हे खरं, पण भाजी बंद करू नका, आठवड्याला जितकी खाता तितकीच खात राहा. एका आठवड्यात अजिबात नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज पातळभाजी असं झालं की आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा) वरखाली होतो, तो २ ते ३ मध्ये राहायला हवा. दुखायच्या गोळ्या आणि काढे परस्पर घेऊ नका. मोज्याने सूज आणि जडपणा कमी वाटतो, गुठळी विरघळत नाही. मे महिन्यात घालवत नसतील तर सकाळी घाला, दुपारी काढा, त्यावरून अपराधी वाटून घेऊ नका. घरातल्या बायकांना गुठळी होऊन गेली असेल तर इस्ट्रोजनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, आणि महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढे ढकलायला दुकानातून गोळ्या आणतात त्याही डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत.

प्रश्न (हिंगणा रोडवरून एक दादा): बाबांच्या डोक्यात रक्तस्राव झाला होता, मग पायात गुठळी झाली. तेव्हा पोटात फिल्टर बसवला. दीड वर्ष झालं. आता ते चांगले चालतात, रक्त पातळ करायची गोळीही सुरू आहे. फिल्टरचं काही करायचं असतं का?

उत्तर: दादा, बरं झालं विचारलं. बाबांना तेव्हा रक्त पातळ करायचं औषध देता येत नव्हतं, म्हणून पोटातल्या मोठ्या नसेत छत्रीसारखी जाळी बसवली, पायातला तुकडा सुटला तर तिथेच अडकावा म्हणून. तो निर्णय योग्यच होता. पण आता गोळी चालू आहे, म्हणजे बहुतेक जाळीचं काम संपलंय. काढता येणारा फिल्टर काम झालं की काढायचा असतो, राहिला तर तो नसेच्या भिंतीत रुततो, कधी मोडतो, आणि त्याच्यामुळेच पायात परत गुठळी व्हायचा धोका वाढतो. काढायलाही चिरफाड नाही, मानेतल्या नसेतून नळी घालून वरचा हूक पकडून ओढून घेतात. दीड वर्षाने ते थोडं अवघड होतं पण अनुभवी हातात जमतं, त्यामुळे अजून लांबवू नका. जिथे बसवला तिथली डिस्चार्ज फाईल शोधा, त्यात फिल्टरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर मॉडेलचं नाव असतं आणि तो काढता येणारा आहे की कायमचा हे त्यावरून कळतं. ती फाईल आणि पोटाचा एक नवीन सीटी स्कॅन घेऊन इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे (नळी घालून उपचार करणारे डॉक्टर) किंवा व्हॅस्क्युलर सर्जनकडे (रक्तवाहिन्यांचे सर्जन) जा. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.