स्कॉटलंडच्या छोट्या खेड्यांत दोन-तीन चर्च का असतात, शाळा चर्चला लागून का असते, आणि तिथे ग्रामपंचायत असते का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते, कारण तेच मला टोचतं. नाही, नसते. स्वतःचा कर बसवणारी आणि स्वतःचा पैसा खर्च करणारी निवडलेली संस्था स्कॉटलंडच्या खेड्याकडे आज नाही. चोपन्न-पंचावन्न लाखांच्या देशाला मिळून ३२ कौन्सिलं. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच अठ्ठावीस हजारांच्या घरात आहेत. इथे स्कॉटलंडमध्ये गावात कम्युनिटी कौन्सिल नावाची एक समिती असते. मीही तिच्यावर होते. बांधकामाच्या अर्जांवर मत कळवायचं, बाकं आणि फुलझाडांसाठी पैसे मागायचे. शाळा तिच्या हातात नाही, रस्ता नाही, पाणी नाही.

आता चर्च. तीन चर्च म्हणजे लोक तिप्पट धार्मिक होते असं मुळीच नाही. भांडण होतं चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, कोणी नेमायचा याचं. १७१२ मध्ये लंडनच्या संसदेनं तो हक्क बड्या जमीनदारांना परत दिला आणि गावकऱ्यांना ते कधीच पचलं नाही. १७३३ मध्ये देशाच्या मुख्य चर्चमधून पहिला गट फुटला, पुढे त्या गटातही फूट पडली. मग १८ मे १८४३. एडिंबरात भरलेल्या चर्चच्या महासभेतून थॉमस चामर्स या पुढारी पाळकाच्या मागोमाग पाळक उठून चालू लागले. देशातल्या बाराशेंपैकी साडेचारशेहून जास्त पाळकांनी घर, जमीन, पगार सगळ्यावर पाणी सोडलं आणि फ्री चर्च उभं राहिलं. जुन्या शाळेतले जे मास्तर त्यांच्या बाजूनं गेले त्यांच्या नोकऱ्या गेल्या, म्हणून गावात नव्या चर्चबरोबर नवी शाळाही आली. हायलँड्समधल्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, स्ट्रॉन्शियन गावात जमीनदारानं जागा नाकारली, तर लोकांनी वर्गणी काढून लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि १८४६ मध्ये लॉख सुनार्ट या खाडीच्या पाण्यात नांगरलं. १९०० आणि १९२९ मध्ये बहुतेक गट पुन्हा एक झाले आणि इमारती उरल्या. तुम्हाला दिसलेल्या चर्चपैकी एखाद्यात आज कुणी राहत असेल, एखाद्याचा हॉल झाला असेल.

ही फूट मुंबईलाही पोचली होती. विल्सन कॉलेजचे डॉ. जॉन विल्सन माझ्या शेजारच्या लॉडरचे, जन्म १८०४. वडील चाळीस वर्षांहून जास्त काळ लॉडरच्या नगर कौन्सिलवर होते. मुलगा गावच्या शाळेतून चौदाव्या वर्षी एडिंबरा विद्यापीठात गेला. १८४३ मध्ये मुंबई-पुण्याचे स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चकडे गेले, आणि विल्सननी १८३२ मध्ये सुरू केलेली शाळाही त्यांच्यासोबत गेली. लॉडरचं १६७३ चं चर्च अजून उभं आहे, चारी बाजू सारख्या. तिथलं नगर कौन्सिल मात्र १९७५ मध्ये मोडीत काढलं.

शाळा चर्चला लागून असण्याचं कारण १६९६ चा कायदा. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, जमीनदारांनी शाळा बांधायची, मास्तरांचा पगार द्यायचा आणि देखरेख चर्चनं करायची. १८७२ मध्ये शाळा चर्चकडून निघून निवडलेल्या स्कूल बोर्डाकडे आल्या. पाच ते तेरा वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं. नावावर मालमत्ता किंवा भाडेपट्टा असलेल्या स्त्रियांना बोर्डासाठी मत देता येई, उभंही राहता येई. त्यांना संसदेसाठी मत मिळायला १९१८ उजाडलं. त्या सेहेचाळीस वर्षांत गावची शाळा खऱ्या अर्थानं गावाची होती. मग १९१८ मध्ये बोर्डं गेली, शाळा काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे. १९३० मध्ये पॅरिश कौन्सिलं गेली. १९७५ मध्ये उरलंसुरलं. दर वेळी कारण एकच, लहान संस्था परवडत नाही. मी याला गावाची लूट म्हणते.

आमच्या खोऱ्यातल्या शाळेचं सांगते. माझी धाकटी तिथे होती. दोन वर्ग, दोन बाई, आणि दारावर दगडात कोरलेलं एकीकडे मुलगे, दुसरीकडे मुली. कौन्सिलनं पत्र पाठवलं की पट घसरलाय, शाळा बंद करण्याचा विचार आहे. सभा गावच्या हॉलमध्ये, म्हणजे पूर्वीच्या फ्री चर्चमध्ये. अधिकारी पडद्यावर आकडे दाखवत होते: दर मुलामागे खर्च, छपराची दुरुस्ती, पुढच्या दहा वर्षांचा अंदाज. आम्ही आयाबाया बसच्या वेळा आणि हिवाळ्यातल्या बर्फाचं बोलत राहिलो. मग ऐंशीच्या पुढच्या एक शेतकरीणबाई उठल्या. त्यांनी शाळेच्या जुन्या रोजनिशीच्या प्रती आणल्या होत्या. मास्तरांनी दर आठवड्याला लिहायची ती वही. त्यांनी एकापाठोपाठ एक नोंदी वाचल्या. बटाटे काढणी, वर्ग अर्धे रिकामे. गोवर, शाळा बंद. ओढ्याला पूर, वरच्या वाडीची मुलं आली नाहीत. त्या म्हणाल्या, पट तेव्हाही असाच हलायचा, पण तेव्हा बोर्डावर माझी आजी होती आणि तिला ती मुलं नावानं माहीत होती. अधिकारी सभ्यपणे ऐकत होते. मी उठून विचारलं की शेवटचा निर्णय घेणाऱ्यांपैकी कितीजण या खोऱ्यात राहतात. एकही नाही.

शाळा बंद झाली. धाकटी आता बसनं जाते, हिवाळ्यात दोन्ही वेळा अंधारात. पुढच्या काही वर्षांत तीन तरुण घरं गाव सोडून गेली. नवीन कुणी मुलंबाळं घेऊन येत नाही, कारण शाळा नाही.

माझा थोरला भाऊ रत्नागिरीकडे शिक्षण खात्यात होता. त्याच्याशी हा वाद मी लग्नाआधीपासून घालते. दादाचं म्हणणं, सात-आठ मुलांसाठी दोन शिक्षक ठेवणं म्हणजे त्याच मुलांचं नुकसान. त्यांना मोठ्या शाळेत स्पर्धा मिळते, खेळायला मित्र मिळतात. दादा, मुलांना मित्र मिळतात हे मी मान्य करते, आमच्या धाकटीलाही मिळाले. पण तुझ्या हिशेबात वाडी कुठेच नाही. पट वीसच्या खाली गेला म्हणून शाळा उचलायची, तर पट का घसरला हे त्या वाडीत बसून कोण विचारणार? स्कॉटलंडमध्ये २०१० पासून कायदा आहे: खेड्यातली शाळा बंद करण्याआधी दुसरे पर्याय तपासायचे, गावावर काय परिणाम होईल तो लिहून मांडायचा, लोकांना विचारायचं. आमची शाळा त्यानं वाचली नाही, तरी निदान त्यांना हॉलमध्ये येऊन आमच्यासमोर बसावं लागलं. आपल्याकडे ग्रामसभा आहे, इथल्या खेड्याला जे नाही ते हातात आहे. शाळेचा निर्णय तिच्या होकाराशिवाय होऊ नये, हे मी आजही म्हणते.

तुमचं गाव कोणतं ते लिहिलं नाहीत. १७९० च्या दशकात आणि पुन्हा १८३४ ते १८४५ मध्ये प्रत्येक पॅरिशच्या पाळकानं आपल्या गावाचं वर्णन लिहून दिलं होतं: शाळा, मास्तरांचा पगार, गरिबांची यादी, सगळं. आधी ते वाचा. मग कौन्सिलच्या दप्तरखान्यात शाळेची रोजनिशी मागा.

वर लिहिलंय ते मुख्यतः दक्षिणेकडच्या खेड्यांचं. हायलँड्समध्ये एकेक पॅरिश एवढी मोठी की एका शाळेनं काही होत नसे, आणि तिथल्या गेलिक बोलणाऱ्या मुलांना शाळेत इंग्रजीच रेटली गेली. १६९६ च्या कायद्यातही जमीनदाराला निम्मा भार कुळांवर टाकता येई. आणि गावात कॅथलिक चर्च असेल तर त्याच्या शाळेची गोष्ट वेगळी. त्या शाळा १९१८ च्या कायद्यानं सरकारी व्यवस्थेत आल्या, पण आपला धर्म सांभाळून.