विद्यापीठाचा परिसर स्वतःला लागणारी सगळी वीज स्वतःच तयार करू शकतो का?

हो, करू शकतो. पण नुसत्या छतावरच्या सोलर पॅनेलवर सहसा भागत नाही. टेक्सास विद्यापीठाचा ऑस्टिनमधला परिसर आपली वीज आपणच बनवतो, मात्र नैसर्गिक वायूवर. टर्बाइनची वाया जाणारी उष्णता वाफेसाठी वापरतात, खरी बचत तिथे आहे. सौरऊर्जेचं गणित सरळ आहे: १ किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर छत लागतं आणि चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. वर्गखोल्यांची बैठी इमारत एवढ्यात निभावून नेते. पाच मजली रसायन प्रयोगशाळेचं तसं नाही, तिथले फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून घेणारी कपाटं, रात्रीही हवा बाहेर फेकत असतात. आणि वर्षाचा हिशेब शून्यावर आला, म्हणजे वर्षभरात वापरली तेवढी वीज बनवली, तरी ग्रिड (बाहेरची वीजजोडणी) सुटत नाही; ती तोडायची तर बॅटऱ्यांचा खर्च धरा.