लिब्रेऑफिसची बाजू मांडताना

प्रिय,

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवरच्या कॉलेजमधल्या भाषणासाठी केलेल्या तुझ्या स्लाइड वाचल्या. तळमळ दिसते, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण सुरुवातीला नुसतं ‘ओपनऑफिस मेलेलं आहे’ आणि ‘एमएस ऑफिसचे गुलाम’ एवढंच येतं. लिब्रेऑफिसचं नाव निघेपर्यंत निम्म्या स्लाइड संपतात. तो भाग काढून टाक.

ओपनऑफिस हेही असंच मोफत ऑफिस सॉफ्टवेअर, ते आपल्याला परकं नाही. सन कंपनीने १९९९ साली स्टारऑफिस घेतलं, २००० साली त्याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) सगळ्यांना खुला केला, त्यातून ते उभं राहिलं. सन ओरॅकल कंपनीकडे गेल्यावर २०१० साली बरीच मंडळी बाहेर पडली आणि लिब्रेऑफिस सुरू झालं. आपल्या रायटर (लेखनासाठी) आणि कॅल्क (हिशेबाच्या शीटसाठी) यांचा पाया त्याच जुन्या कोडचा आहे.

म्हणून गप्प बसायचं असं नाही. दोन्हींतलं कोणतं घेऊ, असं कुणी विचारलं तर स्पष्ट सांग: ओपनऑफिसची ४.१ मालिका २०१४ सालची, त्यानंतर तिच्यातच दुरुस्त्या येत राहिल्या. ते वर्डची डॉकएक्स फाइल उघडतं, पण त्या स्वरूपात सेव्ह करत नाही. लिब्रेऑफिस करतं. हे कुणालाही तपासून बघता येतं. ‘मेलेलं’ म्हटलं की मात्र तिथे अजून राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिव्हारी लागतं. उद्या त्यांच्यातल्या कुणाला आपल्याकडे यावंसं वाटलं, तर त्याने कोणत्या तोंडाने यायचं?

समोर कार्यालयातले लिपिकही बसणार आहेत. त्यांच्या एक्सेल शीटमधले मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) कॅल्कमध्ये जसेच्या तसे चालतीलच असं नाही, हे तूच आधी सांग. मागाहून कळलं तर तुझ्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल. जुन्या, युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच सांकेतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की ‘मा. प्राचार्य’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. तो फॉन्ट नसेल तर आपल्याकडेही तेच होतं. ते खापर मायक्रोसॉफ्टवर फोडू नकोस. युनिकोडची सवय लावणं दोन्हीकडे गरजेचं आहे.

मग दाखवायचं काय? रायटरमध्ये चार ओळी मराठी लिही, ओडीटी या रायटरच्या स्वतःच्या स्वरूपात सेव्ह कर, फाइलचं एक्स्टेन्शन बदलून झिप कर आणि उघड. आतल्या ‘कंटेंट’ नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये टॅगांच्या गर्दीत तुझ्या त्याच ओळी वाचता येतील. ओडीटी ज्या ओडीएफ या खुल्या स्वरूपात मोडतं, ते २००६ पासून आयएसओ (आंतरराष्ट्रीय) मानक आहे, त्यामुळे उद्या लिब्रेऑफिस नसलं तरी दुसरा कुणीही ती फाइल वाचणारा प्रोग्राम लिहू शकतो. डॉकएक्सही असंच झिप करून उघडता येतं आणि तेही आयएसओ मानक आहे. कुणी विचारायच्या आत सांगून टाक.

आणि इंटरफेसच्या मराठी भाषांतराला भरपूर वेळ ठेव. ते स्वयंसेवक करतात. मेनूतला एखादा शब्द खटकला तर समोरची मुलंही वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर जाऊन दुसरा सुचवू शकतात. एकदोघांकडून तिथल्या तिथे करून घे.

बदललेल्या स्लाइड शनिवारपर्यंत पाठव, एकदा नजर टाकतो.

तुझा,
सर