गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकते, गिअरबॉक्स खोलायचा का?

प्रश्न : माझ्याकडे चार गिअरची ऑटोमॅटिक गाडी आहे, अकरा वर्षं झाली घेऊन. या पावसाळ्यात अचानक चेक लाइट लागला आणि गाडी सिग्नलवरून उठायचंच नाव घेईना, एकदम जड, गिअर बदलतच नाही. बंद करून परत चालू केली की थोडा वेळ नीट चालते. गॅरेजवाले म्हणतात गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल. एका मित्राने स्कॅनर लावला तर पी ०७१५ असा कोड आला, तो म्हणतो स्पीड सेन्सर गेलाय, घरीच बदल. करू का? हाताने थोडंफार काम येतं मला.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दादा, आधी गिअरबॉक्स खोलायला नाही म्हणा. निदान या रविवारपर्यंत तरी. तुम्ही सांगताय ती लक्षणं गिअरबॉक्स आतून झिजल्याचीही असू शकतात, पण तो कोड आणि 'बंद करून चालू केली की नीट चालते' हे दोन्ही एकत्र आलं की मी पहिला हात वायरिंगला लावतो.

आत काय होतं ते समजून घ्या. गिअरबॉक्सवर दोन सेन्सर असतात, एक इनपुट शाफ्ट (इंजिनकडून येणारा) किती फिरतोय ते मोजतो, दुसरा आउटपुट (चाकांकडे जाणारा) किती फिरतोय ते. समजा पहिल्या गिअरचं प्रमाण २.८ आहे, तर इनपुट मिनिटाला २८०० फेरे फिरला की आउटपुट १००० यायला पाहिजे. कॉम्प्युटर सतत हा हिशोब करत असतो आणि एक आकडा गायब झाला की त्याला वाटतं आत क्लच घसरतोय, मग तो गिअरबॉक्स वाचवायला गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवतो, बऱ्याच चार गिअरच्या गाड्यांत तिसऱ्या. म्हणून ती सिग्नलवरून उठत नाही.

आता मित्राचं अर्धंच बरोबर आहे. पी ०७१५ म्हणजे इनपुट सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड, सेन्सर गेला असं तो कोड म्हणत नाही. सेन्सर, कपलर (वायरचा प्लग), वायर, तिन्ही त्यात आले. आणि रत्नागिरीचा पाऊस! मी स्वतः एका गाडीचा कपलर काढला होता तर एका पिनवर हिरवी पूड बसलेली, बाकी सगळं चकाचक. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना साफ केल्या, कपलरचं रबर सील बदललं, गाडी नीट झाली, सेन्सर तोच राहिला. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली शिरतात तेही बघा, कुरतडलेली वायर वरून चांगली दिसते आणि आतून तुटलेली असते.

स्कॅनरवर लाइव्ह डेटा दिसत असेल तर गाडी पार्कमध्ये चालू ठेवून इनपुट स्पीड बघा, बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्या आरपीएमच्या जवळपास असतो. मग ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये टाका, गाडी उभी असताना तो शून्यावर यायला पाहिजे. पार्कमध्येही शून्यच दाखवत असेल तर सिग्नल येतच नाही. सेन्सर दोन वायरींचा असेल तर तो बहुतेक कॉइलचा, मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघा. तीन वायरींचा असेल तर तो बहुधा हॉल टाइपचा (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला), त्याचा रेझिस्टन्स मोजून काही कळत नाही, इग्निशन ऑन करून कपलरला सप्लाय येतोय का ते तपासा.

एवढं करून सेन्सरच दोषी ठरला तर मात्र बदला, घरी होतं. ज्या गाड्यांत सेन्सर बाहेरून लागतो त्यांचंच म्हणतोय हं, काहींत तो तेलाचं चेंबर उघडून आत असतो, त्या भानगडीत घरी पडू नका. गाडी थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की वरूनच हात पोचतो. खालून जायचं असेल तर सपाट फरशी, मागच्या चाकांना ठोकळे आणि जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली जाऊ नका, कितीही दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही.

दोन्ही सेन्सर दिसायला सारखे असतात, कपलर काढायच्या आधी फोटो काढा आणि टेप लावून खूण करा. मग बोल्टच्या आजूबाजूची माती ब्रशने पूर्ण साफ करा कारण सेन्सर निघाला की तिथं सरळ आत जाणारं भोक उरतं. बोल्ट बहुतेक एकच, दहाच्या सॉकेटचा. सेन्सर हलके डावीउजवीकडे फिरवत ओढा, स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर प्लास्टिक तुटून तुकडा आत राहतो आणि मग खरंच गिअरबॉक्स खोलावा लागतो. थोडं तेल गळेल, खाली फडकं ठेवा.

निघालेल्या सेन्सरचं टोक बोटावर घासून बघा. करडी, ग्रीससारखी मऊ पेस्ट असेल तर काळजी नको, सेन्सरच्या आतल्या चुंबकाला ती चिकटतेच. पण बोटाला टोचणारे चकचकीत कण लागले तर थांबा, तेव्हा गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं असू शकतं.

नव्या सेन्सरच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) एटीएफचं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्याच तेलाचं बोट फिरवा, हाताने पूर्ण बसवा, मग बोल्ट. बोल्ट छोटा आहे आणि केसिंग ॲल्युमिनियमचं, बसला की थोडासाच आवळा, आटे गेले तर दुप्पट खर्च. कपलर 'टक्' वाजला पाहिजे. एटीएफची लेव्हल तपासा, कोड क्लिअर करा, पंधरावीस मिनिटं चालवून परत स्कॅन करा.

प्रश्न : स्पीडोमीटरचा काटा मध्येच शून्यावर जातो. हाच आउटपुट सेन्सर बदलायचा का?
— एक वाचक, नगर

उत्तर : लगेच नको. बऱ्याच एबीएसवाल्या (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरकडून येतो, गिअरबॉक्सकडून नाही. काट्यासोबत एबीएसचा दिवा लागतो का ते आधी बघा, लागत असेल तर चाकांपासून सुरुवात करा.