जगातले कोणते पदार्थ समोर आले की हात आवरत नाही? त्यातला एखादा घरी करता येईल का?

मी वेंगुर्ल्याचा. 19 वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केला, त्यातली शेवटची 11 चीफ कुक म्हणून. त्यामुळे माझं उत्तर माझ्या जिभेपेक्षा पातेल्यावर जास्त बेतलेलं आहे. जहाजावर बावीस-तेवीस माणसं. त्यांत फिलिपिनो, युक्रेनियन, आपले कोकण-गोवा-केरळचे, एखाददुसरा बर्मी. एकाला भाताशिवाय जेवण जात नाही, दुसऱ्याला बटाटा लागतो, तिसरा तिखटाला हात लावत नाही. अशा मेसमधून एखादं पातेलं दर वेळी खरवडून परत येत असेल, तर त्या पदार्थात काहीतरी आहे असं मी धरतो.

माझ्या गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, असं पातेलं अदोबोचं असायचं. फिलिपिन्सचा हा पदार्थ मला एका फिलिपिनो मेसमनने (जेवण वाढणाऱ्या मदतनिसाने) शिकवला. कोंबडी किंवा डुक्कर, शिरका, सोया सॉस, लसूण, मिरी, तेजपान. एवढंच. नाव स्पॅनिश आहे, पण मांस शिरक्यात शिजवण्याची रीत तिथे स्पॅनिश लोक येण्याआधीपासून होती. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांबरोबर आला. उष्ण, दमट बेटांवर मांस टिकवायचं तर आंबट हवंच, हे त्यामागचं साधं कारण.

पहिल्यांदा चाखलं तेव्हा मला आमच्या शेजारच्या गोव्यातलं विंदालू आठवलं, आणि ते आठवणं चुकीचं नव्हतं. पोर्तुगीजांचं ‘व्हिन्या द आल्योश’ म्हणजे वाइन आणि लसणात मुरवलेलं मांस. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा शिरका आला, अमेरिकेतून आलेली मिरची त्यात वाटली गेली, आणि विंदालू तयार झालं. ‘आल्यो’ म्हणजे लसूण. पुढे हॉटेलवाल्यांनी ‘आलू’ ऐकून त्यात बटाटे घातले. मला ते मनापासून खटकतं, कारण बटाटा सगळा आंबटपणा शोषून घेतो आणि पदार्थाचा कणाच मोडतो. दोन टोकांची दोन बंदरं, दोन वेगळे राज्यकर्ते, आणि उत्तर तेच: शिरका आणि लसूण. आंबट, खारट आणि चरबी एका घासात आली की माणूस दुसरा घास मागतोच.

आता लिस्बन. पाश्तेल द नाता हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल: पापुद्र्याच्या छोट्या वाटीत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं घट्ट कस्टर्ड. लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमुश मठाशी त्याची गोष्ट जोडलेली आहे. मठांमध्ये कपड्यांना खळ द्यायला अंड्याचा पांढरा भाग वापरत, मग उरलेल्या बलकाचं करायचं काय, म्हणून गोड पदार्थ निघाले असं सांगतात. 1834 मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि 1837 पासून मठाजवळच्या एका दुकानात हे पाश्तेल विकायला लागले. ते दुकान अजून चालू आहे आणि कृती अजून गुप्त आहे.

मी तिथे रांगेत उभा राहून खाल्लं. भट्टी इतकी कडक असते की कस्टर्डवर काळे डाग पडतात, आणि ते डाग हवेतच. त्या करपट कडवटपणामुळे गोडाची मिठी बसत नाही. वर दालचिनीची पूड. दाताखाली पापुद्रा मोडल्याचा आवाज येतो आणि आत गरम, मऊ कस्टर्ड. ते तासाभरात संपवावं लागतं, कारण नंतर पापुद्रा सादळतो. विमानतळावरची गार नाता खाऊन कोणी ‘विशेष काही नाही’ म्हणालं तर मला वाईट वाटतं. गोव्याच्या बेबिंकातही हेच बलक, फक्त दुधाऐवजी नारळाचा रस आणि ओव्हनऐवजी झाकणावर निखारे. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. माझ्या मते त्यात नातापेक्षा जास्त कष्ट आहेत. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो दक्षिण आफ्रिकेतल्या दरबनचा बनी चाव. नावात ससा ऐकू येतो, पण सशाशी काही संबंध नाही. ‘बनिया’वरून नाव पडलं असं तिथले लोक सांगतात. 16 नोव्हेंबर 1860 ला मद्रासहून निघालेलं ट्रुरो जहाज दरबनला लागलं, तेव्हापासून उसाच्या मळ्यांत राबायला भारतीय मजूर नाताळ या तिथल्या ब्रिटिश वसाहतीत येऊ लागले. त्यांच्या वंशजांच्या शहरात, 1940 च्या दशकात, हा पदार्थ रूढ झाला. न कापलेल्या पांढऱ्या पावाचा चौथा हिस्सा घ्यायचा, आतला मऊ गाभा काढायचा आणि त्या पोकळीत रस्सा भरायचा. ताट नको, चमचा नको. वर्णभेदाच्या काळात काळ्या गिऱ्हाइकांना अनेक ठिकाणी आत बसून जेवता येत नसे. मागच्या खिडकीतून हातात देता येईल असं जेवण म्हणूनही याची आठवण काढली जाते.

मी बंदराच्या फाटकाबाहेरच्या एका साध्या दुकानात ‘क्वार्टर मटण’ मागितलं. सोबत किसलेलं गाजर, कांदा, मिरची. काढलेला गाभा वर टोपीसारखा ठेवलेला असतो. त्यानेच रस्सा टिपायला सुरुवात करायची आणि मग कडा मोडत खाली जायचं. तळाचा पाव रश्श्यात इतका भिजलेला असतो की तोच सर्वांत चविष्ट घास. शेजारी बसलेल्या झुलू टॅक्सीवाल्याने मी चुकीच्या बाजूने फोडतोय हे पाहून माझा पाव हाताने फिरवून दिला. पाव आणि कालवण आम्ही वेंगुर्ल्यात लहानपणापासून खातो. तरी त्या दिवशी घरापासून इतक्या दूर ती चव भेटली आणि मी काही वेळ बोललोच नाही.

मेक्सिकोतला ताको अल पास्तोर असाच स्थलांतरितांचा. लेबनॉनकडून आलेल्या लोकांनी पुएब्ला शहरात उभ्या सळीवर मांस भाजणं आणलं. पुढे मेंढीच्या जागी डुक्कर आलं, आणि मिरच्यांचं लाल वाटण आणि अननस मेक्सिकोचे. मला मात्र त्यातलं मांस दुय्यम वाटतं. खरी करामत मक्याच्या पोळीत आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, साल काढून मग वाटतात. त्यामुळे पीठ वळतं, वास येतो, आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, म्हणून केवळ मक्यावर जगणारी गरीब माणसं पेलाग्राने, म्हणजे नायसिन कमी पडून होणाऱ्या रोगाने, आजारी पडली.

पिझ्झा, बर्गरबद्दल इतर कुणी लिहीलच. रामेन म्हणजे जपानी रश्श्यातल्या शेवया; त्यांच्या चवीबद्दल एवढंच सांगतो: जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री शैवालातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. आपल्याकडे सुकटीच्या चटणीचा नुसता वास आला तरी ताटावर जाऊन बसावंसं वाटतं, त्यातही हीच चव आहे.

घरी करायचा तर अदोबोच करा. भट्टी लागत नाही, वाटण लागत नाही. एक किलो कोंबडी, हाडांसकट. लसणाचा अख्खा गड्डा ठेचून, अर्धी वाटी शिरका (माडाचा मिळाला तर उत्तम), अर्धी वाटी सोया सॉस, चमचाभर अख्खी मिरी आणि दोन-तीन तेजपानं. तिथे वापरतात ते लॉरेलचं पान. आपलं तमालपत्र निराळ्या झाडाचं असतं आणि त्याला दालचिनीचा वास येतो, तरी चालतं. अर्धा तास मुरवा, वाटीभर पाणी घालून उकळा. उकळी फुटल्यावर पहिली दहा मिनिटं झाकण ठेवू नका आणि डावही घालू नका, शिरक्याचा कच्चा वास उडून जाऊ द्या. ही गोष्ट मला त्या मेसमनने तीनदा बजावली होती. मग मंद आचेवर अर्धा तास. तुकडे बाहेर काढून थोड्या तेलात लालसर परता, तोवर रस आटू द्या, आणि दोन्ही एकत्र करा. मीठ शेवटी चाखूनच घाला, सोया सॉस खारट असतो. रात्री करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गरम भातावर वाढा. मुरल्यावर ते जास्त छान लागतं.