मधुमेही मांजराची साखर घरी तपासायला कसं शिकायचं?

तुमचा बोका दहा वर्षांचा आहे, त्याला मधुमेह निघालाय. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा इन्सुलिन सुरू केलंय आणि साखर घरी तपासायला सांगितलंय. कानाला सुई लावायच्या विचारानेच तुमचे हात थरथरतात, म्हणून तुम्ही विचारलंय की हे शिकायचं कसं, आणि अधूनमधून दवाखान्यात नेऊन तपासलं तर भागणार नाही का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. दवाखान्यातल्या तपासणीवर भागत नाही. मांजर घाबरलं की त्याची साखर चढते, आणि थोडीथोडकी नाही. निरोगी मांजराची साखर साधारण 80 ते 120 च्या आसपास असते, पण पिंजऱ्यात घालून, गाडीतून नेऊन, कुत्र्यांच्या भुंकण्यात बसवून ठेवलं तर मधुमेह नसलेल्या मांजराचीही साखर 300 च्या वर गेलेली दिसते. मग टेबलावर आलेल्या आकड्यात आजार किती आणि भीती किती, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवलं आणि घरी आल्यावर भीती ओसरली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

याचाच दुसरा अर्थ असा की घरीसुद्धा धरपकड करून, टॉवेलात आवळून रक्त काढलं तर तो आकडाही तसाच फसवा. बोका शांत असणं हा तपासणीचाच भाग आहे. म्हणून सुरुवात सुईपासून करू नका.

आधी जागा ठरवा. खिडकीपाशी, उजेडात, त्याला आवडणारी एकच जागा, आणि रोज तीच. तिथे त्याला बसवायचं, कान दोन बोटांत धरून हलकेच चोळायचा, लगेच खाऊ द्यायचा आणि सोडून द्यायचं. सुई नाही, मीटर नाही. दिवसातून चारपाच वेळा असं करा. मग कानामागे कापसाचा बोळा धरून पाहा, मग मीटर शेजारी ठेवून त्याची टुक वाजू द्या. टोचायच्या पेनाचा खटका तर नक्कीच ऐकवून ठेवा, कारण बऱ्याच मांजरांना टोचण्यापेक्षा कानाशी होणारा तो आवाज जास्त खटकतो. आमचा मधुमेही बोका भुऱ्या खटका ऐकला की कान मागे पाडून उठायचा, म्हणून मी पेन बाजूला ठेवून नुसत्या लॅन्सेटने, म्हणजे पेनात बसवतात त्या छोट्या सुईने, टोचायला शिकले आणि आजही तसंच करते. खाऊ मात्र कर्बोदकं नसलेला हवा: उकडलेल्या कोंबडीचा किंवा माशाचा तुकडा, मसाला न लावलेला. खाऊ रक्त आलं तरी मिळतो आणि नाही आलं तरी मिळतो, हा नियम कधीच मोडू नका.

आता टोचायचं कुठे. कान उजेडासमोर धरलात की कडेकडेने एक शीर गेलेली दिसेल. त्या शिरेत टोचायचं नाही. शीर आणि कानाची कड यांच्यामधली जी अरुंद पट्टी आहे, तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तिथेच टोचायचं. मागून कापसाचा घट्ट बोळा लावा म्हणजे कानाला आधार मिळतो आणि सुई आरपार गेली तरी तुमच्या बोटात जात नाही. तिथे दुखणाऱ्या नसा फारशा नसतात. बहुतेक मांजरं टोचल्याक्षणी दचकतही नाहीत, हे तुम्हाला पहिल्यांदा करून पाहिल्याशिवाय पटणार नाही.

खरी अडचण टोचण्यात नसून रक्त येण्यात असते. नव्यांना वाटतं आपलं चुकतंय, पण बहुतेकदा कान गार असतो एवढंच. गार कानातून थेंब निघत नाही. पातळ मोज्यात कोरडे तांदूळ भरून गाठ मारा, थोडे गरम करा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहा, आणि मग कानावर अर्धा-एक मिनिट धरा. ओला रुमालही चालतो, पण मग कान पूर्ण कोरडा करायला हवा, कारण पाणी मिसळलं की आकडा चुकतो. स्पिरिट लावू नका. ते झोंबतं, आणि पुढच्या वेळी त्याच्या वासानेच बोका पळेल. कान स्वच्छ असला की पुरे. टोचायच्या जागी व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवला तर थेंब केसांत पसरत नाही, गोल उभा राहतो. सुरुवातीला जरा जाड लॅन्सेट घ्या, 28 गेज किंवा त्याहून जाड. आकडा जितका लहान तितकी सुई जाड, हे दुकानात घेताना लक्षात असू द्या. काही आठवड्यांनी कान सरावतो, रक्त चटकन येऊ लागतं आणि मग बारीक सुईनेही काम होतं.

थेंब मोहरीएवढासुद्धा लागत नाही. पट्टी आधीच मीटरमध्ये घालून तयार ठेवा. पट्टीची कड थेंबाला नुसती टेकवायची, रक्त ती स्वतः ओढून घेते. वरून दाबलं तर पट्टी वाया जाते. आणि नेमक्या त्या क्षणी बोका डोकं झटकतो! यावर एक फार उपयोगी युक्ती आहे: थेंब आला की तो स्वतःच्या स्वच्छ नखावर टिपून घ्या, बोक्याला सोडा, आणि नखावरच्या थेंबाला निवांत पट्टी लावा. नंतर कानाच्या त्या जागेवर कापूस दाबून धरा, साधारण अर्धा मिनिट. ते टाळलंत तर काळंनिळं पडतं आणि दुसऱ्या दिवशी तोच कान दुखतो. कान आलटून पालटून वापरा. दोनतीन वेळा टोचून रक्त आलं नाही तर थांबा, खाऊ द्या, तासाभराने बघा.

मीटरबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या. माणसाच्या रक्तातली साखर प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आणि तांबड्या पेशी अशी दोन्हींकडे वाटलेली असते. मांजराच्या रक्तात ती जवळजवळ सगळी, सुमारे 93 टक्के, प्लाझ्मात असते. त्यामुळे माणसांसाठीचं मीटर मांजराच्या रक्ताचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. प्राण्यांसाठीची मीटर मिळतात, त्यांत मांजर आणि कुत्रा यांची वेगळी निवड असते, ती नीट करावी लागते. माणसांचं मीटर वापरूच नये असं नाही, अनेकजण वापरतात आणि डॉक्टर तो फरक धरून निर्णय घेतात. पण एकदा ठरवलं की तेच मीटर ठेवा. सकाळी एक आणि रात्री दुसरं असं केलंत तर वहीतल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

रोजचा क्रम असा: आधी साखर, मग जेवण, तो जेवला हे डोळ्यांनी पाहिलं की मग इन्सुलिन. इंजेक्शनआधीचा आकडा कशासाठी, हे समजून घ्या. तो ‘आज डोस देणं सुरक्षित आहे ना’ एवढंच सांगतो. माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीला 200 ही रेघ आखून दिली होती. त्याखाली आकडा आला तर फोन केल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही. तुमच्या डॉक्टरांकडून तुमची रेघ आजच विचारून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एखादा डोस चुकला तर बोक्याचं फारसं बिघडत नाही. जास्त झालेला डोस मात्र काही तासांत जिवावर बेततो.

डोस वाढवायचा की कमी करायचा, हे या सकाळच्या आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी साखर दिवसात सर्वांत खाली किती उतरते ते पाहावं लागतं. म्हणून डॉक्टर कधीतरी बारा तासांत दर दोन तासांनी तपासायला सांगतील. त्यातला तळ 80 च्या खाली जात नाही आणि 150 च्या आसपास राहतो, तर ते चांगलं मानतात. सकाळी 380 दिसलं म्हणून मनानेच एक युनिट वाढवायचा मोह होतो. तो मोह आवरा. डोस बदलल्यावर शरीराला जुळवून घ्यायला निदान आठवडा लागतो. आणि हो, सिरिंज तपासा: इन्सुलिन यू-40 (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट) असेल तर सिरिंजही यू-40 चीच हवी, यू-100 असेल तर यू-100 ची. हा घोळ झाला तर डोस अडीचपट चुकतो.

आकडा 60 च्या खाली आला, किंवा बोका झोकांड्या खातोय, एकदम मलूल झालाय, वेड्यासारखा खायला मागतोय, तर वाट पाहू नका. खाऊ शकत असेल तर लगेच खायला घाला. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळा आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन लावा. झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. तेव्हा फक्त हिरडीला, बोट चावलं जाणार नाही असं जपून, चोळायचं आणि दवाखाना गाठायचा. उलट बाजूला, साखर चढलेली आहे आणि बोका खात नाही, ओकतोय, निपचित पडलाय, तर लघवीत किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) आहेत का ते पाहावं लागतं, आणि तेही त्याच दिवशी.

एवढं सगळं रोज कशाला, असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. त्यांना हे सांगा: मांजराचा मधुमेह माणसाच्या टाइप 2 सारखा असतो, आणि लवकर आटोक्यात आला, वजन उतरलं, जेवणात कर्बोदकं कमी केली, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. पण ते सुटतंय हे बाहेरून दिसत नाही. इन्सुलिन तयार करणारं स्वादुपिंड पुन्हा काम करू लागलं की कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त होतो. भुऱ्याच्या वहीत सकाळचे आकडे हळूहळू उतरताना दिसले तेव्हा डोस अर्ध्या युनिटाने कमी करत आणता आला, आणि तो कधी कोसळला नाही. वही नसती तर आम्हाला ते कळलंच नसतं.

या आठवड्यात दवाखान्यात जाल तेव्हा स्वतःचं मीटर, पट्ट्या आणि लॅन्सेट बरोबर न्या. डॉक्टरांना किंवा त्यांच्या सहायकांना तुमच्या बोक्याच्या कानावर एकदा करून दाखवायला सांगा, आणि मग त्यांच्यासमोर तुम्ही करा. तिथे रक्त काढलं जाणार असेल तर त्यातलाच एक थेंब तुमच्या मीटरवर घालून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. घरातल्या आणखी एका माणसाला बरोबर घेऊन जा. तुम्हाला ताप आला तरी बोक्याचं इन्सुलिन वेळेवरच लागणार आहे.