गणित एवढ्यात सोडू नका

प्रश्न : मॅडम, आमची मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. गणितात 90 च्या खाली कधी आली नाही, विज्ञानात 75-80 असतात. घरच्या सहा शेळ्यांचं सगळं तीच पाहते आणि ढोरांची डॉक्टर होईन म्हणते. आमचे भाऊजी म्हणतात, डॉक्टरकीला गणित कशाला, नुसता बायो ग्रुप घ्या. शाळेतले सर म्हणतात, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायो चारही विषय ठेवा. तालुक्याच्या कॉलेजात क्रॉप सायन्सही आहे, त्यात मार्क चांगले पडतात म्हणे. आम्ही दोघं सातवीच्या पुढे शिकलो नाही. काय घ्यावं अन् आधी काय शिकावं?
– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, तुमच्या भाऊजींचं अर्धं बरोबर आहे. ढोरांच्या डॉक्टरकीला, म्हणजे बी.व्ही.एस्सी.ला, ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. तिच्या 720 मार्कांपैकी 360 बायोलॉजीचे, उरलेले फिजिक्स-केमिस्ट्रीचे. तेव्हा बायोलॉजी ठरलीच. पण गणिताचा वेगळा पेपर नसला तरी ते फिजिक्सच्या पोटात बसलेलं असतं. हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

मी दिग्रसकडच्या खेड्यातली. ‘पोरीला बायो बरं’ म्हणून घरच्यांनी माझं गणित अकरावीतच सोडवलं. बी.एस्सी.ला केमिस्ट्रीच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘डीएक्स बाय डीटी’ लिहिलं आणि मला पुढे सोडवायला बोलावलं. ते डेरिव्हेटिव्ह होतं, म्हणजे वेळेसोबत एक्स किती वेगानं बदलतो ते; मी मात्र साधा अपूर्णांक समजून वरचा ‘डी’ खालच्या ‘डी’ने काटला. अख्खा वर्ग हसला. त्या हिवाळ्यात पॉलिटेक्निकला जाणाऱ्या चुलतभावाकडून मी डेरिव्हेटिव्ह शिकले, तेही कापूस वेचून आल्यावर, रात्री. पुढे 27 वर्षं केमिस्ट्री शिकवली, आणि ‘डी’ काटणारी पोरं दरवर्षी भेटली.

खरी अडचण क्रमाची आहे. आपल्या बोर्डाच्या अकरावी फिजिक्सचा दुसराच धडा मॅथेमॅटिकल मेथड्सचा. व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि कॅल्क्युलस (डेरिव्हेटिव्ह त्यातलंच) त्यात येतात, म्हणजे कॉलेज सुरू होऊन महिना होतो न होतो तोच. गणिताच्या पुस्तकात मात्र डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, भाग 2 च्या अगदी शेवटच्या धड्यात. तिथपर्यंत वर्ग पोचतो तेव्हा फिजिक्समधले गतीचे धडे होऊन गेलेले असतात, आणि ज्यानं गणित सोडलं त्याला तर तो धडा भेटतच नाही. लॉगचंही, म्हणजे लॉगॅरिदमचंही, तेच. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल बघावं लागतं. बारावी केमिस्ट्रीत आयॉनिक इक्विलिब्रियापासून कायनेटिक्सपर्यंत सलग चार धड्यांत लॉग आहे. लॉगच्या सूत्रांतला 2.303 हा आकडा तिला स्वप्नात येईल एवढ्या वेळा लिहावा लागेल.

म्हणून दहावीचा पेपर संपल्यापासून जूनअखेरपर्यंतचा उन्हाळा वापरा. आपल्याकडे कॉलेज उशिरा उघडतं, हा एक फायदाच. आधी दहावीचीच त्रिकोणमिती पक्की करू द्या. मग व्हेक्टर, मग डेरिव्हेटिव्ह, तेही खोलात नको: एक्स वर्गाचं दोन एक्स का होतं एवढं कळलं तरी जुलै निभतो. रोज दोन-चार आकडे लॉग टेबलात शोधायचे. केमिस्ट्रीसाठी नववीच्या विज्ञानातला ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा काढा, मोल (कण मोजायचं एकक) तिथेच आहे आणि अकरावीच्या पहिल्या धड्यात तोच परत येतो. बायोलॉजी आधीपासून वाचायची गरज नाही. फक्त एक वही करा, डावीकडे त्वरण, उजवीकडे ॲक्सिलरेशन. डावीकडे पेशी विभाजन, उजवीकडे सेल डिव्हिजन. मराठी माध्यमाची हुशार पोरं अकरावीत विषयामुळे मागे पडत नाहीत, पहिल्या दोन महिन्यांत या शब्दांना अडखळतात.

आता विषय. इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी असे सहा घ्या. क्रॉप सायन्स हा शेतीचा व्यावसायिक विषय, 200 मार्कांचा असतो. तो घेतला की मराठी जाते आणि गणित-बायोपैकीही एकच उरतं. शेतीची आवड म्हणून तो घ्यायची गरज नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या बी.एस्सी. ॲग्रीला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेशपरीक्षा, लागते आणि तिथे बायोवालेही चालतात, गणितवालेही. नीट नाही जमली तर तो रस्ता उघडा राहतो. सीईटीत अकरावीचा भाग 20 टक्के असतो, नीटला दोन्ही वर्षं सारखी. त्यामुळे ‘अकरावी म्हणजे आराम’ असं कोणी सांगितलं तर पोरीला तिथून उठवून आणा.

गणित कायमचंच ठेवा असं मी म्हणत नाही. पहिली चाचणी होऊ द्या. तिच्या मार्कांपेक्षा बायोलॉजी वाचायला वेळ उरतो की नाही ते बघा. नीटचे अर्धे मार्क तिथे आहेत, बायोलॉजीच उपाशी राहत असेल तर गणिताचा पेपर सोडा. तोवर व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, लॉग हाताशी आलेले असतील. विषय बदलायची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे ॲडमिशनच्याच दिवशी ऑफिसातल्या बाबूला विचारून ठेवा.

नाव इथल्या कॉलेजात आणि पोरगी मोठ्या शहरातल्या क्लासला, हा प्रकार मला पटत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी 30 मार्क प्रॅक्टिकलचे असतात. ब्युरेटचा, म्हणजे मापाच्या काचनळीचा, कॉक कुठे फिरवायचा हे परीक्षेच्या दिवशी शिपायाला विचारणारी मुलं मी पाहिली आहेत.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण प्रॅक्टिकल संपल्यावर तुमच्या गावाकडे गाडी आहे का, ते आधी बघून घ्या. आणि नववीचं पुस्तक रद्दीत गेलं असेल तर कळवा, माझ्याकडे तीन आहेत.